मिलिलिटरला तीस लाख: खाडीतले जिवाणू कसे मोजतात आणि तो आकडा कसा वाचतात

खाडीच्या पाण्यात मिलिलिटरला ३० लाख जिवाणू सापडले असं कुणी सांगितलं तर दचकायचं कारण नाही. ३ हजारच सापडले असते, तर मात्र काहीतरी बिनसलं होतं हे नक्की, आणि बहुतेक करून मोजणाऱ्याचंच.

मोकळ्या समुद्रात पृष्ठभागाजवळच्या पाण्यात मिलिलिटरला साधारण १ ते १० लाख जिवाणू असतात. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, म्हणजे खाडीत, हा आकडा १० लाख ते १ कोटीच्या घरात जातो. जगभरातल्या खाड्यांत हीच कथा आहे. हे सगळे पाण्याबरोबर वाहणारे, स्वतःच्या जोरावर प्रवाहाविरुद्ध जाऊ न शकणारे जीव, म्हणून त्यांना जिवाणू-प्लवक म्हणायचं. एकेकाची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे असे २ हजार एका ओळीत मांडले की कुठे १ मिलिमीटर भरतो.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. वर्तमानपत्रात ‘पाण्यात जिवाणूंचं प्रमाण वाढलं’ असं छापून येतं ते बहुधा विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्मबद्दल असतं. आंघोळीलायक समुद्रपाण्यासाठी आपल्याकडचा निकष आहे १०० मिलिलिटरला १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म, म्हणजे मिलिलिटरला १. तीस लाखांत एक! समजा गटार फुटलं आणि तो १ चा १०० झाला. पाणी पोहायला धोकादायक झालं, पण एकूण जिवाणूंच्या मोजणीला त्याची गंधवार्ताही लागणार नाही. कोलिफॉर्म हे आतड्यातले पाहुणे, खारं पाणी आणि ऊन त्यांना सोसत नाही, बरेचसे काही तासांत ते काही दिवसांत मरतात. उरलेले जवळजवळ ३० लाख हे खाडीचे घरचे लोक. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

उदाहरणाला मांडवी आणि झुआरी घेऊ. मांडवी म्हणजे म्हादई, कर्नाटकात भीमगडाच्या बाजूला उगम पावून गोव्यात उतरते. झुआरी दक्षिणेकडून येते. दोघींना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो, आणि दोघींच्या मुखांमधल्या टोकावर, दोना पावलाला, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी आहे. भारतातल्या खाड्यांपैकी या दोन वारंवार तपासल्या गेल्या आहेत त्यामागे हा शेजारही आहेच. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. खोली मात्र बहुतेक ठिकाणी जेमतेम पाचेक मीटर. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर. त्यामुळे या खाड्या चार महिने नदीसारख्या वागतात आणि आठ महिने समुद्राच्या फाट्यासारख्या.

नमुना कधी घ्यायचा हाच पहिला पेच

खाडीत एका जागी उभं राहून पाणी घेतलं, तर आपण त्या जागेचं पाणी घेतो असं वाटतं. प्रत्यक्षात सकाळी जे पाणी पणजीच्या धक्क्यासमोर असतं ते ओहोटीला कित्येक किलोमीटर खाली सरकलेलं असतं आणि त्याच्या जागी वरचं पाणी आलेलं असतं. सहा तासांत क्षारता बदलते, गढूळपणा बदलतो, जिवाणूंची संख्या आणि जातीही बदलतात. तळ्याला हा प्रश्न नाही. खाडीत तो पहिला आहे.

कोकणात भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे मागेपुढे होतो, पण त्यातली मेख खरी: भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त, सुमारे ५० मिनिटं, पुढे सरकते. आता बघा, दर सोमवारी सकाळी १० वाजता नमुना घ्यायचा असं शिस्तशीर वेळापत्रक आखलं. सात दिवसांत भरती ३५० मिनिटं सरकली, म्हणजे जवळजवळ सहा तास. या सोमवारी भरतीचं पाणी मिळालं तर पुढच्या सोमवारी ओहोटीचं. आलेखावर सुंदर करवतीचे दात दिसतील आणि कुणीतरी त्याला ‘साप्ताहिक चढउतार’ म्हणेल. पंधरवड्यातून एकदा जायचं ठरवलं तर उलट होतं: दर वेळी उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) तरी मिळेल किंवा दर वेळी भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) तरी, आणि खाडी फारच स्थिर वाटेल.

यावर उपाय दोन. एक, घड्याळ सोडून भरतीला बांधून घ्यायचं, म्हणजे दर वेळी पूर्ण भरतीनंतर अमुक तासांनी. दोन, आणि हा खर्चिक पण खरा उपाय, एकाच जागी होडी नांगरून सलग २५ तास दर तासाला किंवा दोन तासांना पाणी घ्यायचं. चोवीस नव्हे, पंचवीस. कारण दोन भरत्या-ओहोट्यांचं पूर्ण चक्र २४ तास ५० मिनिटांचं असतं. हे एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला करावं. प्रत्येक नमुन्याबरोबर क्षारता आणि तापमान हवंच. क्षारतेशिवाय घेतलेला जिवाणूंचा आकडा म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट.

होडीवर होणाऱ्या चुका साध्याच असतात. ३ मीटर पाण्यात इंजिन चालू ठेवलं की पंखा तळाचा चिखल उचलतो. तळाजवळचं पाणी घेणारी बाटली तळाला टेकली की तेच. म्हणून तळापासून मीटरभर वर थांबायचं, आणि टेकली अशी शंका आली तरी ते पाणी फेकायचं.

काळ्या गाळणीवरचे निळे ठिपके

पूर्वी पाणी आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या ताटलीवर पसरायचे आणि उगवलेल्या वसाहती मोजायचे. खाडीतल्या जिवाणूंपैकी शंभरात एक किंवा त्याहूनही कमी त्या ताटलीवर वाढतात. सूक्ष्मदर्शकात दिसणारी गर्दी आणि ताटलीवरचा शुकशुकाट यातल्या या तफावतीला १९८५ मध्ये नावही मिळालं, पण तोवर मोजायची पद्धत बदलली होती. १९७७ मध्ये हॉबी, डेली आणि जॅस्पर या संशोधकांनी सपाट पॉलिकार्बोनेट गाळणीवर जिवाणू धरून, रंगवून, थेट मोजायची रीत पक्की केली. १९८० मध्ये पोर्टर आणि फेग यांनी त्यासाठी डॅपी हा निळा चमकणारा रंग आणला. आज हीच रीत थोड्याफार फरकाने चालते.

१० मिलिलिटर पाण्यात ०.५७ मिलिलिटर बाजारातलं फॉर्मॅलिन घालायचं. त्यात ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड असतं, त्यामुळे शेवटची तीव्रता २ टक्के येते. हे फॉर्मॅलिन आधी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेलं हवं, नाहीतर बाटलीतला पांढरा गाळही मोजणीत येतो. आणि हे काम होडीवरच करायचं. ‘बर्फात ठेवलंय, संध्याकाळी प्रयोगशाळेत घालू’ हे चालत नाही, कारण बाटलीत जिवाणूंबरोबर त्यांना खाणारेही बंद झालेले असतात आणि ते कामाला लागलेले असतात.

पुढची पायरी गाळायची. २५ मिलिमीटर व्यासाची, काळी, ०.२ मायक्रॉन छिद्रांची गाळणी. चकचकीत बाजू वर. खाली आधाराला ०.४५ मायक्रॉनची ओली पांढरी गाळणी ठेवली की पाणी सगळीकडून सारखं उतरतं, नाहीतर जिवाणू ठिकठिकाणी पुंजक्यांनी बसतात. पाणी किती घ्यायचं? समुद्राच्या पाण्याला १ ते २ मिलिलिटर ठीक. खाडीत तेवढं घेतलं तर ठिपक्यांची रांगोळी एकमेकांत मिसळते. म्हणून ०.२ मिलिलिटर घ्यायचं, पण तेवढं थेट गाळायचं नाही, कारण इतकं थोडं पाणी गाळणीभर पसरत नाही. कणरहित पाण्याने ते २ मिलिलिटर करायचं. त्यात मिलिलिटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम पडेल इतकं डॅपी, अंधारात पाचसात मिनिटं, आणि मग हलकं निर्वात: पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्या आत. जोरात ओढलं तर नाजूक पेशी फुटतात.

गाळणी काचपट्टीवर, वर तेल, हजारपट मोठं करून अतिनील प्रकाशात पाहायचं. गडद काळ्यावर निळे ठिपके, काही गोल, काही वाकडे स्वल्पविरामासारखे, काही दोन जोडलेले म्हणजे विभागणी चालू असलेले. मधेच मातीचा कण पिवळट, मंद उजळतो आणि त्याच्या कडेला दहापंधरा निळे ठिपके चिकटलेले असतात.

हिशेब असा. गाळणीचा वापरात आलेला गोल १६ मिलिमीटर व्यासाचा, क्षेत्रफळ २०१ चौरस मिलिमीटर. डोळ्याच्या भिंगातला चौकोन १०० मायक्रॉन बाजूचा, म्हणजे ०.०१ चौरस मिलिमीटर. गाळणीवर असे २०,१०० चौकोन बसतात. सरासरी चौकोनात ३० जिवाणू निघाले, तर गाळणीवर ६ लाख ३ हजार. ते ०.२ मिलिलिटरमधून आले, म्हणून मिलिलिटरला ३० लाख १५ हजार. फॉर्मॅलिन घालून पाणी ५.७ टक्के पातळ झालं होतं, त्याची भर घातली की सुमारे ३१ लाख ९० हजार. ही शेवटची दुरुस्ती विसरणारे अनेक आहेत. चूक लहान, पण ती कायम एकाच दिशेने जाते.

किमान दहा चौकोन आणि मिळून दोनतीनशे जिवाणू मोजल्याशिवाय थांबू नये. चौकोन निवडताना ‘छान दिसतंय’ ते निवडायचा मोह होतो, म्हणून डोळा काढून पट्टी सरकवायची आणि जे येईल ते मोजायचं. एक कोरी गाळणीही करायची, फक्त कणरहित पाणी आणि रंग घातलेली. तिच्यावरही चौकोनामागे दोनतीन ठिपके दिसले तर रंग किंवा पाणी दूषित आहे, आणि त्या दिवसाचं सगळं काम संशयात.

पावसाळ्यात ही पद्धत खरी कसाला लागते. जुलैतलं मांडवीचं पाणी चहासारखं असतं. मातीच्या कणाच्या वरच्या बाजूचे जिवाणू दिसतात, खालचे नाहीत. सोडियम पायरोफॉस्फेट घालून, बर्फात ठेवून, ध्वनिलहरींचे छोटे झटके देऊन त्यांना सोडवता येतं. झटके कमी पडले तर सुटत नाहीत, जास्त झाले तर फुटतात, म्हणून दर खाडीच्या चिखलासाठी ही वेळ आधी तपासून ठरवावी लागते. काही जण कणावर दिसले त्याच्या दुप्पट धरतात. तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे, आणि तसं लिहून ठेवलेलं बरं. प्रवाह-कोशिकामापक यंत्र (फ्लो सायटोमीटर, बारीक धारेतून जाणाऱ्या पेशी एकेक करून मोजणारं) असेल तर काम मिनिटांत होतं, हजारो पेशी मोजल्या जातात; पण गढूळ पाण्यात त्या यंत्रालाही माती आणि जिवाणू वेगळे करताना घाम फुटतो. यंत्राचा आकडा अधूनमधून काळ्या गाळणीशी ताडून पाहावा.

गर्दी तेवढीच, माणसं वेगळी

आता आकडा हातात आला: ३० लाख. पुढच्या महिन्यात पुन्हा ३० लाख. म्हणजे महिनाभर काही घडलंच नाही?

एसटी स्टँडवर सकाळी दहाला दोनशे माणसं असतात आणि अकरालाही दोनशेच. तीच माणसं नसतात. खाडीतल्या जिवाणूंचंही तसंच. कोमट पाण्यात, खायला बरं असेल तर, ते साधारण अर्ध्या दिवसात ते दोनतीन दिवसांत दुप्पट होतात. दिवसात एकदा दुप्पट होतात असं धरलं तर रोज मिलिलिटरमागे ३० लाख नवे जन्मतात. संख्या तरीही तेवढीच राहते, कारण जवळजवळ तितकेच रोज मरतात.

मारणारे मुख्य दोन. पहिले कशाभिकाधारी, म्हणजे चाबकासारखी शेपटी हलवत पोहणारे, एकपेशीय जीव, जिवाणूंपेक्षा दहापट लांब. खाडीत मिलिलिटरला ते हजार-दोन हजार असू शकतात आणि एकेक जण तासाला काही दहापासून पन्नास-पाऊणशेपर्यंत जिवाणू गिळतो. २ हजार जीव, तासाला ५० घास, २४ तास: झाले २४ लाख. दुसरे विषाणू, तेही आपल्याला काही न करणारे. जिवाणूंच्या सुमारे दसपट, म्हणजे मिलिलिटरला कोटींच्या घरात. ते जिवाणूत शिरतात, वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात. रोज एकूण साठ्याचा पाचवा हिस्सा त्यांच्या वाट्याला गेला तर ते ६ लाख. बेरीज ३० लाख. उदाहरणासाठी आकडे जुळवून घेतलेत हे उघड आहे, खाडीत ते रोज इतके गोंडस जुळत नाहीत. पण प्रमाण साधारण याच पट्टीतलं असतं.

दोन्ही मृत्यूंचा परिणाम मात्र एकच नाही. कशाभिकाधारी जीवाने जिवाणू खाल्ला तर तो पुढे मोठ्या एकपेशीय जीवाच्या, मग कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्याच्या, मग माशाच्या पिल्लाच्या तोंडी जाऊ शकतो. विषाणूने फोडला तर आतला ऐवज पाण्यात विरघळतो आणि दुसरे जिवाणू तो खातात. कार्बन तिथल्या तिथेच फिरत राहतो. पाण्यात विरघळलेलं, माशांना न दिसणारं अन्न जिवाणूंमार्फत पुन्हा अन्नसाखळीत येतं, या वाटेला १९८३ मध्ये फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी ‘सूक्ष्मजीवांचं वेटोळं’ अशा अर्थाचं नाव दिलं. वाट लांबलचक आहे. दर टप्प्यावर बराचसा कार्बन श्वासातून उडून जातो, त्यामुळे ‘जिवाणू वाढले म्हणजे मासळी वाढणार’ हे गणित फसवं आहे.

म्हणून नुसत्या संख्येवर न थांबता वाढीचा वेग मोजतात. ल्युसीन हे अमिनो आम्ल जिवाणू प्रथिनं बनवायला घेतात. ते किरणोत्सारी हायड्रोजनने खूण केलेलं घ्यायचं, दीड मिलिलिटर पाण्यात २० नॅनोमोलर तीव्रतेने घालायचं, खाडीच्याच तापमानाला अंधारात तासभर ठेवायचं. मग ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल ५ टक्के होईल इतकं घालून प्रथिनं साकळायची, १६ हजार पट गुरुत्वाने दहा मिनिटं फिरवून तळाशी बसवायची, धुवायची आणि किरणोत्सार मोजायचा. नमुन्याच्या तीन नळ्यांबरोबर दोन नळ्यांत आम्ल सुरुवातीलाच घालून ठेवायचं. त्या ‘मेलेल्या’ नळ्यांचा आकडा वजा करायचा. खाडीत इथे हमखास चूक होते ती २० नॅनोमोलरवर डोळे मिटून विश्वास ठेवायची. मुळात पाण्यात ल्युसीन भरपूर असेल तर आपलं खुणेचं ल्युसीन त्यात हरवतं आणि वाढ खरीपेक्षा कमी दिसते. ५, १०, २०, ४०, ८० अशी चढती मालिका एकदा करून पाहावी आणि आलेख जिथे सपाट होतो ती तीव्रता घ्यावी. किरणोत्सारी पदार्थासाठी परवाना लागतो, तो वेगळा व्याप.

वाढ झाली की नुसती सरमिसळ?

नदीच्या बाजूने जिवाणू जास्त, समुद्राच्या बाजूने कमी, असा उतार बहुतेक खाड्यांत दिसतो. पण हा उतार दोन पाणी मिसळल्यानेही येतो, त्यासाठी जिवाणूंनी काही करायलाच नको. समजा, गोड्या टोकाला क्षारता ०, जिवाणू ४० लाख. समुद्राच्या टोकाला क्षारता ३४ (किलोभर पाण्यात ३४ ग्रॅम क्षार), जिवाणू १२ लाख. आलेखात आडवी क्षारता, उभे जिवाणू, आणि दोन टोकं जोडणारी सरळ रेघ मारायची. मधोमध, क्षारता १७ ला, नुसत्या मिसळण्याने २६ लाख यायला हवेत. मोजल्यावर ३८ आले तर वाटेत भर पडली: वाढ झाली, गटार मिळालं किंवा तळ ढवळला गेला. १८ आले तर वाटेत मेले किंवा खाली बसले.

ही रेघ मारताना एक गृहीत असतं की दोन्ही टोकं पाणी खाडीतून जाईपर्यंत स्थिर आहेत. मांडवीत डिसेंबर-जानेवारीत हे बरंचसं चालतं. जुलैत चालत नाही. घाटात रात्री दोनशे मिलिमीटर पाऊस पडला की सकाळी नदीच्या टोकाचा आकडाच वेगळा, आणि कालची रेघ आज खोटी. पावसाळ्यातल्या खाडीच्या अभ्यासात ही रेघ छापलेली दिसली तर नमुने किती तासांत घेतले ते आधी बघावं.

पाणी खाडीत किती दिवस थांबतं याला म्हणूनच एवढं महत्त्व. कोरड्या ऋतूत मांडवीतलं पाणी कित्येक आठवडे पुढेमागे हेलकावत राहतं, ऐन पावसात काही दिवसांत समुद्रात जातं. जिवाणू दोन दिवसांत दुप्पट होणारे आणि पाणी दोन दिवसांत बाहेर जाणारं, तर खाडीची स्वतःची अशी वस्ती जमतच नाही. मोजतो ते नदीतून आणि शेतामातीतून वाहत आलेले वाटसरू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लम आयलंड खाडीवरच्या २००४ च्या अभ्यासात हेच दाखवलं गेलं: पाणी थांबायचा काळ जिवाणूंच्या दुप्पट होण्याच्या काळापेक्षा लांबला तेव्हाच मधल्या निमखाऱ्या पाण्यात तिथली खास वस्ती दिसली.

संख्या सारखी असली तरी जाती पालटतात, हेही इथेच सांगायला हवं. गोड्या टोकाला बीटाप्रोटिओबॅक्टेरिया आणि अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया गटांचा भरणा, खाऱ्या टोकाला अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांचा. क्षार वाढला की गोड्या पाण्यातल्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि ज्यांना ते सावरता येत नाही ते गळतात. निळ्या ठिपक्यांना मात्र नावं नसतात.

गाळ

पावसाळ्यात जिवाणू वाढले की ‘तळाचा चिखल वर आला’ असं सहज म्हटलं जातं. हिशेब करून बघू. खाडीच्या चिखलात ग्रॅमला सुमारे १०० कोटी जिवाणू धरले. पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम गाळ असेल तर मिलिलिटरमध्ये ग्रॅमचा वीस हजारावा भाग आला, म्हणजे ५० हजार जिवाणू. तीस लाखांत पन्नास हजार, दोन टक्केही नाहीत. गाळ दहापट झाला, लिटरला ५०० मिलिग्रॅम, तर ५ लाख. आता तो दिसू लागेल. म्हणजे हा खुलासा पुराच्या दिवशी चालेल, एरवी नाही.

पण संख्येने कमी म्हणून कणावरचे जिवाणू बाजूला सारता येत नाहीत. ते आकाराने मोठे आणि कामाला जास्त असतात. कुजलेलं कांदळाचं पान, मेलेली डायटम (एकपेशीय शैवाल), चिखलाचा गोळा यांना विकरं (एन्झाइम) सोडून विरघळवायचं काम तेच करतात. आणखी एक फायदा त्यांना मिळतो तो मुक्कामाचा. वरून गोडं पाणी बाहेर वाहतं, तळाशी खारं पाणी आत सरकतं. कण खाली बसतात, आत ढकलले जातात, उधाणाला पुन्हा उचलले जातात. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या मुखाशी पाणी एकदोन दिवसांत निघून जातं, पण अडकलेले कण दोन ते चार आठवडे तिथेच घोटाळतात, असं १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसलं. कणाला धरून बसलेल्या जिवाणूला खाडीत संसार थाटायला वेळ मिळतो, सुट्या जिवाणूला नाही. आणि तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळून खातात तेव्हा सुटा अर्धा मायक्रॉनचा जिवाणू त्यांच्या कल्ल्यांतून बराचसा निसटतो, कणावर बसलेला मात्र कणाबरोबर पोटात जातो.

ऋतूचं बोलायचं तर थंड देशांतल्या अभ्यासातले निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात हिवाळ्यात पाणी गारठतं आणि जिवाणूंची वाढ तापमान ठरवतं. गोव्यात पाणी बाराही महिने २५ ते ३२ अंशांच्या आसपास. इथे वाढ ठरवतं ते अन्न आणि क्षारता. अन्न कुठून येतं तेही ऋतूप्रमाणे बदलतं: कोरड्या महिन्यांत मुख्यतः पाण्यातल्याच वनस्पती-प्लवकांकडून, पावसाळ्यात जंगल, शेतं, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) आणि वस्त्यांतून वाहून. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे वनस्पती-प्लवक मंदावतात. जिवाणूंना बाहेरचा शिधा मिळत राहतो. हरितद्रव्य मोजून जिवाणूंचा अंदाज बांधायची जी सूत्रं समुद्रात चालतात ती जुलैच्या खाडीत म्हणूनच फसतात.

प्राणवायूचा ताळेबंद

एका जिवाणूत साधारण २० फेम्टोग्रॅम कार्बन धरतात (फेम्टोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा दहा लाखावा भाग). मिलिलिटरला ३० लाख म्हणजे घनमीटरला ६० मिलिग्रॅम. हजार लिटर पाण्यात एवढंच, चिमूटभरही नाही. आता दिवसात एकदा दुप्पट होणं म्हणजे रोज ६० मिलिग्रॅम नवा कार्बन अंगाला लावणं. खाल्लेलं सगळं अंगाला लागत नाही; शंभरातलं पंचवीस लागतं असं धरू, खाड्यांत हे प्रमाण खूप खालीवर होतं. तर रोज खाल्लं २४० मिलिग्रॅम, श्वासावाटे गेलं १८०. तेवढा कार्बन जाळायला लागणारा प्राणवायू ४८० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम रोज.

३० अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरला सहाच्या आसपास मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. वरच्या थरात हवेतून आणि प्रकाशसंश्लेषणातून भरपाई होत राहते, काही जाणवत नाही. पण पुराचं गोडं पाणी वर पसरलं आणि जड खारं पाणी त्याखाली कोंडलं, की भरपाईचा रस्ता बंद. दहा दिवस कोंडलेलं राहिलं तर सहातले जवळजवळ पाच संपतात. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली मासे आणि खेकडे तळ सोडू लागतात, ज्यांना सोडता येत नाही ते मरतात. सांडपाणी मिळालं तर दहा दिवसही लागत नाहीत. या सगळ्यात ३० लाखांचा आकडा कुठेही हललेला नसतो.

जाळलेल्या कार्बनचा कर्बवायू होतो आणि तोही मोजता येतो. त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी गोदावरी आंध्रात धवळेश्वरमच्या धरणाखाली खाडी होते. तिथे पावसाळ्यात धरणातून पाणी सुटल्यावर, पाण्यातल्या कर्बवायूचा दाब ३० हजार मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या वर गेल्याची नोंद व्ही. व्ही. एस. एस. शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. हवेतला दाब तेव्हा चारशेच्या आत होता. कोरड्या महिन्यांत त्याच खाडीत हा दाब कित्येक पटींनी कमी असतो. म्हणून वर्षातून एकदा, हवा स्वच्छ असताना, जानेवारीत होडी काढून केलेल्या मोजणीवरून खाडीचा वार्षिक ताळेबंद मांडू नये. निम्म्याहून जास्त जमाखर्च जुलै-ऑगस्टच्या त्या आठवड्यांत होतो, जेव्हा बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला असतो आणि होडी काढायला कुणी तयार नसतं.